तिसरा वाटा

‘‘बाई, तुम्ही बाईमाणूस आहात. तुम्हीच तिला सांगा,’’ दामूशेठ म्हणाले. ‘‘मी गेलो तर उगाच भांडण होईल.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘रविवारी चेकवाटपाला यायचं. पावतीवर सही करायची. आणि...’’ ते जरा अडखळले. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला. ‘‘आणि साधी ये म्हणावं. हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून येऊ नको. पेपरवाला फोटो काढणार. देणाऱ्यांना काय वाटेल?’’

आंबेखार बंदरातल्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. दामोदर चोगले, म्हणजे दामूशेठ, सोसायटीचे चेअरमन आणि आमच्या मदत कमिटीचे अध्यक्ष. मी तिथल्या शाळेत शिक्षिका. गावची नव्हे, घाटावरची. मला कमिटीत घेतलं होतं ते एक बाई असावी म्हणून, आणि माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. गावात सगळे मला नुसतं ‘बाई’ म्हणत.

‘‘ती नवऱ्याची वाट बघतेय, शेठ,’’ मी म्हणाले.

‘‘ते मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला पाठवतोय.’’

मी गेले. चांगुणा घरामागे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवायचे आणि आडव्या बांबूवर टाकायचे, हे काम ती माझ्याशी बोलतानाही थांबवायची नाही. कपाळावर कुंकू होतं, हातात चुडा होता, आणि हात कोपरापर्यंत खारट पाण्याने पांढरे पडलेले होते.

‘‘रविवारी चेक आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘तिघींना सारखे. तुझा वाटाही आहे.’’

‘‘मना कशाबद्दल?’’

‘‘मदत आहे ती. लोकांनी पाठवलेली. एका पावतीवर सही करायची, बस.’’

‘‘पावतीवर काय लिवलंय?’’

मी पिशवीतून पावती काढली. मीच लिहिलेली होती, दामूशेठनी सांगितलेल्या शब्दांत. वाचायला लागले. ‘‘मी, कैलासवासी हिराजी...’’

‘‘तिथंच थांबा,’’ चांगुणा म्हणाली.

तिने हातातला बोंबील वलांडीवर टाकला आणि पदराला हात पुसले.

‘‘पोशाचा मयत मिळाला. लक्ष्याचा मिळाला. ह्याचा कुठंय? मना दाखवा, नि घ्या सही.’’

‘‘अगं, नुसता कागद आहे.’’

‘‘कागद हाय म्हनूनच. बाई, उद्या तो आयला तं मी त्याला काय सांगू? तुला मेला म्हनून लिवून दिला नि घर शाकारला?’’

बांगड्यांचं आणि कुंकवाचं सांगायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. पावतीची घडी घालून मी परत आले. दामूशेठना म्हटलं, ती येणार नाही.

‘‘मग आपण काय करणार?’’ ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना प्रश्न पडला होता.

दिवाळीच्या आधी ते वादळ झालं होतं. गावातले बाकीचे मचवे दुपारीच परतले. एक मचवा परतला नाही. त्यावर तिघे होते: पोशा, लक्ष्मण आणि चांगुणाचा नवरा हिराजी. पोशा आणि लक्ष्मण काही दिवसांनी खाडीच्या तोंडाशी सापडले. हिराजी सापडला नाही, मचवाही सापडला नाही. गावातल्या मचव्यांनी डिझेल संपेपर्यंत शोधलं. मग शोधायचं थांबलं.

शाळेत तिन्ही घरांतली मुलं होती. मला राहवेना. मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ‘आमच्या बंदरातल्या तीन घरांतला कमावता माणूस वादळात गेला आहे, या घरांना हात द्या,’ एवढंच. पत्र छापून आलं, पण वर मथळा आला: ‘तीन कोळी विधवांना मदतीचा हात हवा.’ तो मथळा कोणी दिला, मला आजतागायत माहीत नाही. पण पैसे आले ते त्या मथळ्यावर. कुठून कुठून मनिऑर्डरी आल्या. ज्या गावांत समुद्र कोणी पाहिलेला नसेल अशा गावांतून आल्या. पोस्टमन हसून म्हणायचा, बाई, तुमच्या पत्रानं माझी सायकल झिजवली.

सोसायटीने कमिटी नेमली, बँकेत वेगळं खातं उघडलं. दामूशेठ अध्यक्ष झाले याचा सगळ्यांना आनंद झाला, कारण त्यांच्या हातून पैसा इकडचा तिकडे व्हायचा नाही हे गावाला ठाऊक होतं. सोसायटीच्या कामाला तालुक्याला गेले तर चहा स्वतःच्या पैशाने पिणारा माणूस. त्या निधीतला एक पैसाही त्यांनी खाल्ला नाही. खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. निदान कशाशी भांडायचं ते कळलं असतं.

रविवारी चेकवाटप झालं. शाळेच्या पटांगणात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. दोन भरल्या. तिसरी तशीच रिकामी राहिली आणि फोटोग्राफरने ती कडेला सरकवायला सांगितली. मी ती सरकवली.

त्यानंतरच्या कमिटीच्या बैठकीत मी म्हटलं, ‘‘पावतीतले शब्द बदलू. ‘बेपत्ता हिराजी यांची पत्नी’ असं लिहू. ती सही करेल.’’

‘‘करेल हो,’’ दामूशेठ म्हणाले. ‘‘पण लोकांनी पैसे कोणासाठी दिले? विधवांसाठी. पेपरात छापलंय. ती म्हणतेय मी विधवा नाही. मग मी तिला विधवांचे पैसे कसे देऊ?’’

‘‘मी ‘विधवा’ लिहिलं नव्हतं. मी ‘तीन घरं’ लिहिलं होतं.’’

‘‘तुम्ही लिहिलेलं कोणी वाचलं? छापलेलं वाचलं.’’

‘‘मग देणाऱ्यांना विचारू.’’

बाकीचे सभासद हसले. दामूशेठ हसले नाहीत, त्यांनी विचार केल्यासारखं केलं. ‘‘चारशेच्या वर माणसं आहेत, बाई. कोणाकोणाला विचारणार? आणि निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही म्हणाले, तर? निम्मे पैसे देणार?’’

मी वर्तमानपत्राला लिहिलं. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं: निधी कसा खर्च करायचा हे कमिटीने ठरवावं. ते घेऊन मी दामूशेठकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘‘बघा. त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलाय. म्हणजे आपली जबाबदारी वाढली.’’

मी कपाळावर हात मारून घेतला.

सरकारी मदतीचीही तीच कथा. तिथे लागायचा मृत्यूचा दाखला. प्रेत नाही, तर दाखला नाही. सात वर्षं थांबा म्हणाले. म्हणजे सरकारच्या लेखी हिराजी मेला नव्हता म्हणून पैसे नाहीत, आणि कमिटीच्या लेखी तो मेलाच होता, पण बायको कबूल करत नव्हती म्हणून पैसे नाहीत. चांगुणाने दोन्हीकडे सारखंच सांगितलं होतं, की मना ठाऊक नाय. ते ऐकून घ्यायची कुठेच सोय नव्हती.

इकडे तिचे हाल-हाल चालले होते. डोक्यावर टोपली घेऊन ती आतल्या गावांत सुकी मासळी विकायला जायची. तिची मुलगी मंजुळा माझ्या वर्गात होती. ती शाळेत येईनाशी झाली, कारण वाळत घातलेल्या मासळीवर कावळे-कुत्री राखायला कोणीतरी हवं होतं. मी स्वतःचे थोडे पैसे द्यायला गेले. चांगुणाने घेतले, आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्या दाराशी बोंबलाची जुडी यायला लागली. मी मासे खात नाही हे तिला माहीत होतं. पैसे फिटले असं तिला वाटेपर्यंत जुड्या येत राहिल्या, आणि मी त्या शेजारी वाटत राहिले.

महाशिवरात्रीच्या सुमाराला तुळसाआय सोसायटीत आली. तुळसाआय म्हणजे हिराजीची आई. तिच्या मनात लेकाबद्दल काही संशय उरलेला नव्हता. तिचा नवरा दर्यात गेला होता, दीर गेला होता. ती येऊन सरळ बाकावर बसली आणि म्हणाली, ‘‘दामू, पैसे माझ्या नावानं दे. मी आय हाय त्याची.’’

दामूशेठचा चेहरा उजळला. ‘‘वयनी, हे आधी का नाही सुचलं? आईसुद्धा वारसच. बाई, पावती लिहा.’’

मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? दार कुठूनही उघडेना, तेव्हा ही खिडकी तरी उघडतेय असं वाटलं. मी भराभर पावती लिहिली. तुळसाआयला सही येत नव्हती. शाईचं पॅड आणलं, दामूशेठनी स्वतः तिचा अंगठा शाईवर टेकवला. कागद पुढे सरकवला.

तुळसाआय अंगठा वर धरून बसली. ‘‘वाच गं बाय काय लिवलंस ते.’’

‘‘मी, तुळसाबाई, कैलासवासी हिराजीची आई...’’

मी पुढचं वाचलं, पण तिने ते ऐकलं नसावं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर धक्क्यावर बर्फाच्या लाद्या उतरत होत्या.

‘‘मी घरी सांगून नाय आयले,’’ ती म्हणाली. ‘‘सुनेला.’’

‘‘तिला काय सांगायचं? पैसे घरातच येणार,’’ दामूशेठ म्हणाले.

‘‘रोज त्याचं ताट वाढते ती. मी म्हनते, कशाला अन्न नासवतेस? तं म्हनते, आय, तुमाला नको असला तं नका बघू.’’ म्हातारीने शाई लागलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘मी हितं अंगठा केला तं त्या घरात मी कोन?’’

आणि तिने अंगठा लुगड्याच्या पदराला पुसला. नीट, एकदा इकडून, एकदा तिकडून. उठली आणि गेली. दामूशेठ कोऱ्या जागेकडे बघत राहिले.

‘‘ह्या घरातली माणसं मदत करू देत नाहीत,’’ ते म्हणाले. तेही वैतागले होते. हे मी मान्य करते. त्यांनाही ते पैसे झोपू देत नव्हते. लोकांचे पैसे आपल्याकडे पडून आहेत, ही त्यांच्या दृष्टीने उधारीसारखी गोष्ट होती. आणि त्या वैतागातूनच पुढचं घडलं.

शिमगा झाल्यावर कमिटीची बैठक झाली. दामूशेठ ठराव घेऊनच आले होते. तिसरा वाटा मृतांच्या स्मरणार्थ खर्च करायचा. धक्क्याच्या टोकाला काळ्या दगडाची शिळा उभारायची, तिघांची नावं कोरायची, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायच्या आधी तिचं उद्घाटन करायचं.

‘‘म्हणजे देणाऱ्यांचा हेतूही राखला जातो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि पैसाही मार्गी लागतो.’’

‘‘तिघांची नावं?’’ मी विचारलं.

‘‘मग? हिराजीला वगळायचं का?’’

‘‘शेठ, त्या पैशात तिच्या मुलीची शाळा होते. घराचं छप्पर होतं. जिवंत माणसांना द्यायचे पैसे तुम्ही दगडाला देणार?’’

‘‘जिवंत माणसांनी घेतले नाहीत.’’

‘‘घेण्यासारखे दिले नाहीत तुम्ही!’’

माझा आवाज चढला. सभासद एकमेकांकडे बघायला लागले. दामूशेठ शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही ह्या पैशाकडे तुमचे असल्यासारखं बघता. ते तुमचेही नाहीत, माझेही नाहीत. म्हणून मला मोकळ्या हाताने वाटता येत नाहीत.’’

मी म्हटलं, मी राजीनामा देते. ते म्हणाले, तुमची मर्जी. ठराव झाला. ‘बाईंच्या विरोधासह मंजूर’ असं इतिवृत्तात लिहिलं गेलं, आणि ते मलाच लिहावं लागलं, कारण अक्षर माझं चांगलं होतं.

चांगुणाला कोणी तरी सांगणारच, मग आपणच सांगावं म्हणून मी गेले. ती दुपारची टोपली विकून आलेली, पायरीवर बसून पाणी पीत होती. मी शिळेचं सांगितलं. तिने तांब्या खाली ठेवला.

‘‘कुठं लावनार?’’

‘‘धक्क्याच्या टोकाला.’’

‘‘दर्याकडं तोंड करून?’’

‘‘असेल. का गं?’’

‘‘नि कोनाच्या पैशानं?’’

‘‘तुझ्याच. तू घेतले नाहीस, त्या पैशानं.’’

ती हसली. मोठ्याने नाही. नाकातून हवा सोडल्यासारखं. मग उठली, घरात गेली, लुगडं बदलून आली. ‘‘चला,’’ म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘शेठकडं. मी सही करते.’’

मी तिच्या मागे जवळजवळ पळत होते. ‘‘चांगुणा, थांब. इतके दिवस नाही म्हणालीस...’’

‘‘बाई, कागद कुठं ठेवतात तुमी?’’

‘‘कपाटात.’’

‘‘कपाटाला कुलूप असतं ना? मग? तो कागद कोन बघतंय? पन दगड...’’ ती चालता चालताच बोलत होती, तिला धाप लागली होती. ‘‘तो आयला तं धक्क्यावरूनच आत येल ना? पहिला काय बघेल? स्वतःचा नाव? गावानं त्याला आधीच पुरून टाकलाय म्हनून?’’

आम्ही ऑफिसात पोचलो. दामूशेठ एकटेच होते. चांगुणा त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘‘दामूकाका, द्या ती पावती.’’

ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. ‘‘ठराव झालाय, चांगुणे.’’

‘‘दगड घडवला?’’

‘‘नाही अजून. पाथरवटाला विसार दिलाय.’’

‘‘मग पैसे माझे. तुमीच पेपरात छापलाय. द्या.’’

दामूशेठनी कपाट उघडलं. जुनी पावती बाहेर काढली. त्या पावतीवर तुळसाआयचा नव्हे, चांगुणाचाच मजकूर होता, मी पहिल्यांदा लिहिलेला. त्यांनी ती तिच्यापुढे ठेवली, पेन दिलं. चांगुणा शाळेत तिसरीपर्यंत गेलेली होती. सही करता यायची. ती वाकली.

‘‘थांब,’’ दामूशेठ म्हणाले.

त्यांना ते म्हणायचं नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला होता, म्हणून सांगते. पण माणूस स्वतःच्या सचोटीच्या इतका ताब्यात गेलेला मी दुसरा पाहिला नाही.

‘‘ह्याच्यावर लिहिलंय की तुझा नवरा वारला. आणि तुझ्या कपाळावर कुंकू आहे. दोन्ही खरं असू शकत नाही, पोरी. मी लोकांच्या पैशाचा राखणदार आहे. डोळ्यांदेखत खोटी सही मी कशी घेऊ?’’

‘‘शेठ, पुरे करा!’’ मी ओरडले. ‘‘लाज वाटू द्या!’’

‘‘तुमी थांबा, बाई,’’ चांगुणा म्हणाली.

तिने पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसलं तेव्हा कुंकू नुसतं पसरलं. दुसऱ्यांदा पुसलं. तिसऱ्यांदा तिने इतक्या जोरात पुसलं की कपाळ कातडीनेच लाल झालं. मग बांगड्यांना हात घातला. तेव्हा मात्र दामूशेठच उठले आणि म्हणाले, ‘‘राहू दे, राहू दे. बांगड्यांचं काही नाही. कर सही.’’

तिने सही केली. दामूशेठनी चेक लिहिला. एक चेक खाडाखोड झाली म्हणून रद्द करून दुसरा लिहावा लागला. चांगुणा तोवर भिंतीकडे बघत उभी होती. चेक घेऊन ती बाहेर पडली.

मी तिच्या मागे गेले. धक्क्यावरच्या नळाशी ती थांबली, तोंड धुतलं, कमरेच्या चंचीतून कुंकवाची डबी काढली आणि तिथेच, येत्या-जात्या माणसांच्या देखत, आरसा नसताना कुंकू लावलं. खिडकीतून दामूशेठ बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी खिडकीतून मान काढून घेतली.

‘‘चांगुणा,’’ मी म्हणाले.

‘‘बाई, तुमी लई केला माझ्यासाठी,’’ ती म्हणाली. ‘‘आता पुरे. आता परत कोनी माझ्यासाठी कायबी मागू नका.’’

ती रागाने बोलत नव्हती. म्हणूनच ते मला लागलं. मी शाळेच्या खोलीवर येऊन दार लावून घेतलं. माझ्यावर कोणी अन्याय केला नव्हता, पैसे तिला मिळाले होते, मी म्हणत होते तेच अखेर झालं होतं. आणि तरी मला कुणाला तरी धरून मारावंसं वाटत होतं. पण कुणाला, हे ठरेना.

शिळेचं रद्द झालं. पाथरवट विसार परत देईना. निधीत आता पैसे उरले नव्हते. दामूशेठनी विसाराचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. कोणाला सांगितलं नाही. मला सोसायटीच्या कारकुनाकडून कळलं. तिच्या घराचं छप्पर पावसाआधी झालं आणि मंजुळा पुन्हा शाळेत आली. गावात काहीजणी म्हणाल्या, शेवटी घेतलेच ना पैसे, मग एवढा तोरा कशाला होता? चांगुणाने ते ऐकलं असेल. ती कोणाशी भांडली नाही.

हिराजी परत आला नाही. ऐकणारा तेच विचारतो, म्हणून सांगून टाकते. माझी बदली झाली तोवर आला नव्हता, आणि पुढे मंजुळाच्या लग्नाला मी गेले तेव्हाही नव्हता. तोवर तुळसाआयही गेली होती, पण मांडवात चांगुणा होती, कुंकवासकट.

पण एक सांगायचं राहिलं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून एक म्हातारं जोडपं गावात आलं. वामनराव चिंचोळकर म्हणून पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नी. त्यांनी आमच्या निधीला पैसे पाठवले होते. जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तो बघायला निघाले, आणि निघालोच आहोत तर त्या तीन घरांनाही भेटून येऊ म्हणाले. दामूशेठनी स्टँडवर जाऊन त्यांना आणलं. देणारा माणूस प्रत्यक्ष आलाय, याचं त्यांना मोठं दडपण आलं होतं. मलाही बरोबर घेतलं.

पोशाच्या घरी झालं, लक्ष्मणच्या घरी झालं. मग चांगुणाच्या घरी गेलो. वाटेत दामूशेठ माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘काय सांगायचं हो ह्यांना?’’

‘‘जे आहे ते,’’ मी म्हणाले.

चांगुणाने चटई टाकली, चहा केला. वामनरावांच्या पत्नीने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. वामनराव चहाची बशी हातात धरून म्हणाले, ‘‘आणि ह्या... ह्या कोण?’’

दामूशेठनी घसा साफ केला. ‘‘साहेब, ह्यांचे यजमान सापडले नाहीत. गेल्या दिवाळीपासून बेपत्ता आहेत.’’

‘‘म्हणजे ह्या वाट बघताहेत?’’

‘‘हो.’’

‘‘अरेरे,’’ वामनराव म्हणाले. बशी त्यांनी खाली ठेवली. ‘‘मग ह्यांचे हाल तर सगळ्यांत जास्त. ह्यांना तुम्ही सगळ्यांच्या आधी दिले असतील ना?’’

दामूशेठ चटईच्या काठाकडे बघत होते. मी तोंड उघडलं, पण त्याआधी चांगुणाच बोलली.

‘‘दिले. कमिटीनं काय कमी नाय केला.’’

‘‘छान, छान,’’ वामनराव म्हणाले. निघताना त्यांनी तिला हात जोडले. ‘‘ते आले की आमचा नमस्कार सांगा त्यांना. अकोल्याचे चिंचोळकर म्हणावं.’’

‘‘सांगीन,’’ चांगुणा म्हणाली.

त्या दोघांना संध्याकाळच्या एसटीत बसवून आम्ही परत चालत आलो. सोसायटीच्या दाराशी थांबून, किल्ली हातात घेऊन दामूशेठ म्हणाले, ‘‘हे एक झाले, बाई. बाकीचे चारशे काय म्हणाले असते, कोणाला ठाऊक?’’

‘‘विचारलं असतं तर कळलं असतं.’’

त्यांनी मान हलवली. वाटलं, आता तरी हा माणूस कबूल करेल. त्यांनी कुलपात किल्ली घातली, फिरवली, आणि माझ्याकडे वळून अगदी कळकळीने म्हणाले,

‘‘पण चारशे पत्रांचा टपालखर्च कशातून केला असता? निधीतून तर करता आला नसता.’’